रविवारचं प्रवचन मंगळवारी सुरू होतं

प्रश्न वसईकडच्या एका तरुण फादरांचा आहे. दीक्षा होऊन तीन वर्षं झाली, गेल्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, नेमणूक झाली. मुख्य गावात साठेक कुटुंबं आणि आजूबाजूला सात वस्त्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : "मी प्रवचनाची तयारी मन लावून करतो, शनिवारची रात्र त्यातच जाते. तरी रविवारी समोरचे चेहरे कोरे. बायका पेंगतात, तरुण पोरं दाराबाहेर मोटारसायकलींना टेकून उभी राहतात. प्रवचन किती मिनिटांचं असावं? माझी वसईची मराठी लोकांना परकी वाटते का? आणि त्या पोरांना आत कसं आणायचं?"

फादर, मी याच भागातला. धर्मगुरू म्हणून ३१ वर्षं झाली, त्यातली बहुतेक गंगापूर-वैजापूरच्या आणि नंतर बीडच्या खेड्यांत गेली. तुम्ही मिनिटं, भाषा आणि पोरं असे तीन प्रश्न विचारलेत. त्यांची उत्तरं देतोच. पण तुमचं एक वाक्य माझ्या मनात राहिलं : "शनिवारची रात्र त्यातच जाते." शनिवारी रात्री खोलीत तुम्ही, बायबल आणि भाष्यग्रंथ एवढेच असता. ज्यांच्याशी दुसऱ्या दिवशी बोलायचं, त्यांच्यातलं तिथं कुणीच नसतं. माझ्या अनुभवात गाठ इथं बसते.

आधी हे सांगतो, की मी म्हणतो ते सगळीकडे लागू पडेलच असं नाही. जिथं फादर राहतात त्या गावात दर रविवारी मिस्सा, म्हणजे फादरांनी घ्यायची चर्चमधली मुख्य उपासना, होते, तिथली गोष्ट वेगळी. ज्या वस्तीवर महिन्यातून एकदाच मिस्सा होते, तिथली वेगळी. कालव्याखालचं गाव आणि माळरानावरचं गाव यांचे आठवडेसुद्धा सारखे नसतात. जुन्या घरांचीही एक सवय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दि सेल्सच्या संघाचे परदेशी फादर घोगरगावाकडे आले, तेव्हापासून चौथी-पाचवी पिढी ख्रिस्ती असलेली घरं तुम्हाला भेटतील. फादरनं वेदीवर काय सांगितलं याच्या आधी तो आपल्या दारात आला का, हे ही माणसं बघतात.

तर माझी पद्धत. येत्या रविवारचं शुभवर्तमान मी मंगळवारी संध्याकाळी कुणाच्या तरी ओसरीवर वाचतो. दर आठवड्याला घर वेगळं. पाच-सात माणसं जमतात. भाकरी टाकणारी बाई चुलीपासून ऐकत असते, तीही त्यात धरायची. उतारा सावकाश दोनदा वाचायचा, मग विचारायचं, "यात काय ऐकू आलं?" आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला जमायला दोन वर्षं लागली. आपल्याला उत्तर माहीत असतं म्हणून जीभ वळवळते.

येशूनं सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला घ्या : बी फेकताना काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या मातीत. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यानं येतात. त्यातल्या मत्तयच्या वर्षात हा दाखला सामान्यकाळातल्या १५व्या रविवारी येतो, म्हणजे जुलैच्या मध्याला. मी पूर्वी चार प्रकारच्या जमिनी समजावून सांगायचो : वाट, खडक, काटेरान, काळी माती. आपलं मन कोणती जमीन आहे, वगैरे. एका मंगळवारी हाच उतारा वाचला तेव्हा एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "फादर, चाड्यावर ज्याची मूठ चांगली, त्याचा दाणा वाटंवर पडतच नाही. ह्यो पेरणारा कामून असं करायलाय?" त्यांनी जन्मभर तिफणीमागं चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नळ्याच्या तोंडावर, मूठ धरलेली, बियाण्याचा एकेक दाणा मोजून सोडलेला. येशूच्या मुलखात हातानं बी फेकून पेरत, हे मी सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "मग त्याला बियाण्याची किंमत न्हाई, न्हाईतर त्याच्याकडं लै बियाणं हाय."

मी पुस्तकांत वाचलेलं भाष्य या एका वाक्यात आलं होतं. पण तेवढ्यावर बैठक थांबली नाही. त्या वर्षी जूनच्या पावसावर लोकांनी सोयाबीन पेरलं आणि नंतर पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. कोपऱ्यातली एक बाई हळूच म्हणाली, "पहिलं बी करपलं. दुसऱ्यासाठी उसने पैसे काढलेत. देवाचं बी करपल्यावर देव पुन्हा पेरतो का?" रविवारी मी चार जमिनींचं काही बोललो नाही. देव दुबार पेरणी करतो, एवढंच बोललो. माझ्या माणसांना दुबार पेरणी म्हणजे काय हे मला समजावून सांगावं लागलं नाही. खर्च दुप्पट, आशा अर्धी, तरी माणूस पेरतो. मिस्सेनंतर तीन घरांत त्यावर बोलणं चालू होतं, हे मला बुधवारी कळलं.

दुसरा दाखला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा, २५व्या रविवारचा. मालक सकाळी, नऊला, बाराला, तीनला आणि अगदी पाच वाजता मजूर आणतो, आणि सगळ्यांना एकेक दीनार, म्हणजे एका दिवसाचा रोज देतो. शहरात मी हे देवाच्या औदार्यावर सांगितलं होतं आणि ठीक झालं होतं. इथं ऐकणारे बहुतेक रोजानं जाणारे. आधी पुरुष तापले : सकाळपासून राबलेल्याला तेवढंच? ही चीड दाबू नका. शुभवर्तमानातही ती आहेच. मग निंदणीला जाणारी एक मावशी बोलली, "पाच वाजेस्तोर त्याला कुणी बोलावलं न्हाई, म्हंजी तो म्हातारा असंल, न्हाईतर आजारी. धट्टीकट्टी माणसं मुकादम सकाळीच उचलतो." तोवर ते पाच वाजताचे मजूर माझ्या डोक्यात आळशी होते. मजूर नाक्यावर कोण मागं राहतं हे तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. त्या रविवारचं प्रवचन तिचं होतं, मी फक्त ते वेदीवर नेलं.

पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या 'इव्हांजेली गाउडियम' या पत्रात प्रवचन आणि त्याची तयारी यांवर १३५ ते १५९ असे पंचवीस परिच्छेद लिहिलेत. उपदेशकानं वचनाकडे कान द्यावा तसाच लोकांकडेही द्यावा, असं त्यात स्पष्ट आहे. सेमिनरीत वाचलं असेलच. पुन्हा वाचा, पण ओसरीवरून घरी आल्यावर वाचा.

आता ऋतूंचं. तुमची नेमणूक जूनमधली, म्हणजे पहिलं वर्ष अजून पुरं व्हायचंय, म्हणून हे आधीच सांगतो. उपासनेचं वर्ष आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, सुरू होतं, मराठवाड्यातल्या कष्टकऱ्याचं वर्ष मृगापासून, आणि ऊसतोड कामगाराचं दसरा-दिवाळीपासून. बीडकडच्या वस्त्यांवरून माणसं दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. परत येतात ते मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार आणि कधी कधी ईस्टरसुद्धा त्यांच्यावाचून होतं. नाताळच्या रात्री चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं एवढीच दिसतील. त्यांच्यापुढे "आज घराघरांत आनंद आहे" असं बोलू नका. मी बोललोय. समोर बसलेल्या आजीनं पदर डोळ्यांना लावला तेव्हा मला कळलं, की तिच्या घरात आज ती आणि दोन लेकरं एवढंच आहे.

पुढच्या वर्षी मास्तरांना, म्हणजे आमच्या धर्मशिक्षकांना, बरोबर घेऊन मी जीपनं सांगलीकडे गेलो. आमच्या चौदा कोयत्यांची टोळी एका कारखान्याच्या हद्दीत उतरलेली. मध्यरात्रीची मिस्सा तिथं शक्यच नव्हती, बायका पहाटे तीनला उठून फडात जातात. संध्याकाळी साडेसातला केली. कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या, मधल्या जागेत पाचट अंथरलेलं, वर सतरंजी, वेदी म्हणून पाण्याच्या दोन पिंपांवर फळी. बाजूला बैल बांधलेले, वाढं खात होते. लूकचं शुभवर्तमान मोबाइलच्या उजेडात वाचलं : कैसराच्या हुकमानं नावनोंदणीसाठी निघालेलं जोडपं, तिचे दिवस भरलेले, उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत. मी प्रवचनाला तोंड उघडायच्या आत एक बाई शेजारणीला म्हणाली, "मपलं धाकटं बी कोपीतच झालं." सगळ्यांनी ऐकलं. मी तिला विचारलं, तेव्हा जवळ कोण होतं? ती म्हणाली, "ही होती," आणि शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला. मी एवढंच म्हणालो, की मरियेजवळ त्या रात्री अशी कुणी होती का हे लूकनं लिहिलेलं नाही, पण देव अशाच जागी जन्माला आला. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. नंतर पेटी नव्हती, ढोलकी नव्हती, कुणीतरी ताटावर ठेका धरला आणि भजन झालं.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : मिनिटं. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नका असं सांगितलं, लोक झोपतात असंही म्हणाले. मुख्य गावातल्या रविवारच्या मिस्सेला हे माप मी पाळतो. पण महिन्यातून एकदा मिस्सा होणाऱ्या वस्तीवर आठ मिनिटांत उठलात तर लोकांना वाटेल फादरला घाई आहे. तिथं पंधरा मिनिटं बोललेलं चालतं, अट एकच, की गोष्ट एकच असावी. ही आपल्या मातीतली शिस्त आहे. पैठण, आपेगाव, नर्सी, गंगाखेड, हा सगळा संतांचा मुलूख. गावात हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा आपली माणसंही कीर्तन ऐकतात, निदान भोंग्यावरून कानावर पडतंच. कीर्तनकार एक अभंग घेतो, दोन तास बोलतो, पण फिरून फिरून त्याच चरणावर येतो. आपण आठ मिनिटांत तीन वाचनं, एक स्तोत्र आणि दोन संतांची चरित्रं कोंबतो. शुभवर्तमानातलं एक वाक्य निवडा. सुरुवातीला म्हणा, मध्ये म्हणा, शेवटी तेच म्हणा, शब्द न बदलता. चर्चमधल्या भजनी मंडळाला आधी सांगून ठेवलंत तर त्या वाक्यातून ते थेट भजनात शिरतात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते ओवीत, कारण नव्या ख्रिस्ती माणसांचा कान पुराणाला सरावलेला होता. चारशे वर्षांपूर्वी त्यांना हे कळलं होतं.

पेंगणाऱ्या बायकांचं मनाला लावून घेऊ नका. चारला उठून पाणी, शेण, स्वयंपाक, लेकरांच्या आंघोळी उरकून ती बाई चर्चमध्ये येते. सतरंजीवर टेकते तेव्हा दिवसातून पहिल्यांदा बसलेली असते. तिला माझ्या प्रवचनात डुलकी लागली तर ती देवाच्या घरात लागली.

भाषेची चिंता सोडा. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, आपल्या मराठवाड्यात, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष तुमच्या वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईचा हेल इथं कुणाला टोचत नाही. टोचते ती छापील मराठी : "प्रभूच्या तारणदायी योजनेत सहभागी होण्यास आपण पाचारण केलेले आहोत." असं वाक्य ओसरीवर म्हणून बघा, तुमचं तुम्हालाच कळेल. इथली बोली मात्र मुद्दाम ओढून आणू नका. "करायलाव", "मपलं" तुमच्या तोंडी आपोआप येईल तेव्हा येईल.

एक नाजूक गोष्ट आहे, ती कुणी तुम्हाला सांगितली नसेल म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपली बहुतेक माणसं गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, महार आणि मांग घरांतून आलेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून कितीतरी घरांत चर्चच्या वहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा. "जगापुढे आपला विश्वास निर्भयपणे सांगा" असं तुम्ही वेदीवरून म्हणता तेव्हा समोरची आई पोराच्या शिष्यवृत्तीचा विचार करत असते. श्रद्धा कमी म्हणून तसं लिहिलेलं नसतं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायातून ती वाट काढलेली असते. हे ठाऊक नसताना केलेलं प्रवचन फार लागतं. ठाऊक असेल तर तुम्ही त्याच वचनावर वेगळं बोलाल, आणि मिस्सेनंतर कागदपत्रांसाठी तहसीलला बरोबर जाल.

याच वस्तीत आपल्याच माणसांचे चुलतभाऊ बौद्ध आहेत. एका अंगणात दोन घरं, एकात क्रूस आणि दुसऱ्यात बाबासाहेबांचा फोटो, बऱ्याचदा दोन्हींत बाबासाहेब. २०१७ मध्ये शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, नेमका १४ एप्रिलला आला. आमची क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची आठवण करत काढलेली प्रार्थनाफेरी, आणि भीमजयंतीची मिरवणूक, दोन्हींना रस्ता एकच. आदल्या आठवड्यात दोन्हीकडची पोरं पारावर बसली आणि वेळ ठरवली : दुपारी तीन ते साडेचार आमचं, सहानंतर त्यांचं. आमची वाट निघाली तेव्हा निळे झेंडे बांधणारी पोरं शिडीवरून उतरून बाजूला उभी राहिली. संध्याकाळी मिरवणुकीला पाणी आमच्या घरांनी दिलं. त्या दिवशी मला प्रवचनात शेजारधर्मावर काही बोलायची गरज पडली नाही.

रागावणं वेदीवरून कधीच नको. कुणी आलं नाही, कुणी वर्गणी दिली नाही, कुणाचं लग्न चर्चबाहेर झालं, हे घरी जाऊन, बसून, चहा पिऊन बोलायचं. उपवासकाळात "काहीतरी सोडा" म्हणतानाही समोर कोण आहे ते बघा. एका आजीनं मला विचारलं होतं, "भाकरी आन् ठेचा खातो आमी, त्यातलं काय सोडावं?" त्या वर्षी तिनं जावेशी धरलेला अबोला सोडला. नऊ वर्षांचा होता.

आणि मास्तर. तुमच्या सात वस्त्यांवर तुम्ही महिन्यातून एकदा पोचणार, उरलेले रविवार मास्तरच प्रार्थना घेणार. मिस्सेतलं प्रवचन करायचं ते धर्मगुरूनं किंवा डीकननं (धर्मगुरूच्या खालच्या पायरीच्या दीक्षितानं), हा चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे कॅनन लॉच्या, ७६७व्या कलमाचा नियम आहे. पण मिस्सा नसते तेव्हा लोकांच्या कानावर वचन पडतं ते मास्तरांच्या तोंडून. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम ही रीतसर सेवा म्हणून चर्चमध्ये प्रस्थापित केली, ती उगाच नाही. मंगळवारच्या बैठकीला मास्तरांना घ्याच. तुमचं प्रवचन त्यांनी घोकावं म्हणून नव्हे, तुम्ही दोघांनी एकच ऐकलेलं असावं म्हणून. बदली होऊन तुम्ही जाल, मास्तर तिथंच राहतील.

आता दाराबाहेरची पोरं. त्यांना आत बोलवायच्या आधी तुम्ही बाहेर जा. मिस्सेच्या वीस मिनिटं आधी, झगा घालायच्या अगोदर, त्या मोटारसायकलींपाशी उभे राहा. मी राहिलो तेव्हा कळलं, की आत वडीलधारी माणसं बसतात आणि पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात, दुसरा लग्नाचा. पदवी घेऊन घरी बसलेल्या पोराला ते नको असतं. त्यांच्यातल्या एकाचा आवाज मला आवडला. शनिवारी त्याला दुसरं वाचन दिलं आणि चर्च रिकामं असताना दोनदा वाचून घेतलं. रविवारी तो वाचायला आत आला, तसे त्याचे दोन मित्रही बघायला म्हणून दाराच्या आत सरकले. आई पहिल्या रांगेत होती, तिला वाचता येत नाही, तो वाचत असताना तिचे ओठ हलत होते. मत्तयच्या वर्षाच्या शेवटी शेवटी पौलाचं थेस्सलनीकाकरांस पत्र येतं. तेव्हा शनिवारी रात्री त्याचा फोन आला, "फादर, ते गावाचं नाव पुन्हा एकदा म्हणा." मी म्हटलं, त्यानं म्हटलं, असं पाच-सहा वेळा झालं. मागून मित्रांचा आवाज येत होता, तेही म्हणून बघत होते.